दिवाळीत उटी-कुन्नूर: आई-बाबांना घेऊन जावं का? टॉय ट्रेनचं कसं जमवायचं?

कळवा_ते_कुठेही

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत उटी-कुन्नूर करायचं मनात आहे. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, तिसरीतली मुलगी आणि आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, पण चढ-उतार आणि पायऱ्या नकोत. आईला घाटात गाडी लागते. ठाण्याहून निघून ठाण्याला परत, असे एकूण सहा दिवस हातात आहेत.

विचारायचंय ते असं: दिवाळीचा काळ बरा का? मुक्काम उटीत करावा की कुन्नूरला? टॉय ट्रेन पायथ्याच्या मेट्टुपालयमपासूनच करावी की उटी-कुन्नूर एवढीच पुरे? भाड्याच्या गाडीला ई-पास लागतो म्हणतात, तो कोणी काढायचा? आणि येताना मैसूर जोडता येईल का?

---

पारसिक_टेकडी

दिवाळी टाळा, हे आधी सांगतो. कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळीही उपयोगी पडेल.

ठाण्यात दसऱ्यापर्यंत पाऊस आवरतो, म्हणून दिवाळी म्हणजे कोरडी हवा असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. निलगिरीला मात्र दोन पाऊस आहेत. जून ते सप्टेंबर आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस, तो डोंगराच्या पश्चिम बाजूला, म्हणजे अवलांची, पायकारा, गुडलूरकडे जास्त झोडपतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस, तो बंगालच्या उपसागराकडून येतो आणि पूर्वेच्या उताराला धडकतो. त्या उतारावर नेमकं काय आहे? मेट्टुपालयम-कुन्नूर घाट, कोटागिरी आणि टॉय ट्रेनचा सगळ्यात देखणा भाग. दरडी कोसळतात, झाडं रुळांवर पडतात आणि गाडी कधी दोन दिवस, कधी कितीतरी दिवस बंद राहते. आरक्षणाचे पैसे परत मिळतात, पण तुमचे सहा दिवस मिळत नाहीत.

तुमच्यासाठी उत्तम काळ फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. पाऊस संपलेला, आकाश मोकळं, दिवसा साधारण २० अंश आणि गर्दी कमी. जानेवारीही चांगला, पण १४ ते १७ जानेवारीला पोंगल असतो आणि तमिळनाडूतली निम्मी सुट्टी डोंगरावर चढते. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला तर तोही सोडा. एप्रिल-मे म्हणजे तिकडचा ऐन सीझन. मे महिन्यात उटीच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये फ्लॉवर शो असतो, तो बघण्यासारखा आहेच, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या गर्दीत उभं करू नये. तिसरीतल्या मुलीची चार दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या.

मुक्काम कुन्नूरला. उटी साधारण २,२४० मीटरवर, कुन्नूर १,८५० मीटरच्या आसपास. ऐकायला फरक लहान वाटतो, पण फेब्रुवारीच्या पहाटे उटीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा कुन्नूर बऱ्यापैकी सुसह्य असतं. दुखऱ्या गुडघ्यांना थंडी लगेच जाणवते. दोन गावांत जेमतेम १८-२० किलोमीटर अंतर आहे, दिवसाचं उटी करून संध्याकाळी परतता येतं. हॉटेल ठरवताना फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचारा: खोली गाडी थांबते त्याच पातळीवर आहे की पायऱ्या उतरून, गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेतच, आणि खोलीत हीटर मिळेल का. डोंगरातल्या हॉटेलात 'तळमजला' म्हणजे रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खालीही असू शकतो, म्हणून पायऱ्यांचा आकडाच विचारा.

मैसूर जोडू नका. उटी-मैसूर सुमारे १२५ किलोमीटर असलं तरी मुदुमलाई आणि बंदीपूरच्या जंगलातून वाट आहे, चार तास धरून चाला. शिवाय बंदीपूरमधून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. वाटेत उशीर झाला की अडकलात. आईंना लागणारा घाट आणखी एक वाढेल तो वेगळाच.

---

मीटरगेज_मनोहर

टॉय ट्रेनबद्दल मी लिहितो. मेट्टुपालयमपासूनच करा. कुन्नूर-उटी हा तुकडा सुंदर आहे, पण या रेल्वेची खरी करामत त्याच्या खाली आहे.

आपल्याला माथेरानची गाडी माहीत असते, म्हणून तिच्याशीच ताडून सांगतो. माथेरानची लाइन १९०७ ची, दोन फुटी रुळांची. तिचा सगळ्यात तीव्र चढ १:२० आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तेवढा चढ चाकं नुसत्या रुळांच्या पकडीवर चढतात. निलगिरीची लाइन मीटरगेज आहे. १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत सुरू झाली. कल्लार ते कुन्नूर या साधारण १९ किलोमीटरच्या टप्प्यात चढ सुमारे १:१२ आहे. एवढ्या चढावर ओल्या रुळावरून लोखंडी चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्यात, शेजारी-शेजारी दोन, आणि त्यांचे दाते एकमेकांसमोर न ठेवता अर्ध्या दात्याने सरकवलेले. इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चक्र त्यात अडकतं. दाते सरकवल्यामुळे एका पट्टीतला दाता सुटायच्या आत दुसऱ्या पट्टीतला पकडलेला असतो, त्यामुळे ओढ सलग राहते, हिसका बसत नाही. ही रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची पद्धत. आपल्या देशात दातेरी रुळांची दुसरी गाडी नाही.

मेट्टुपालयमच्या फलाटावर गेलात की आधी इंजिन बघायला जा. ते गाडीच्या पुढे नसून मागे असतं आणि डबे वर ढकलत नेतं. जोडणी तुटली तरी डबे उतारावर सुटू नयेत, म्हणून ही रचना. वाफेच्या या एक्स वर्गाच्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत: दोन नेहमीच्या चाकांसाठी, दोन दातेरी चक्रांसाठी. दातेरी भाग सुरू झाला की पहिल्या दोघांतून बाहेर पडलेली वाफ दुसऱ्या दोघांना दिली जाते. कल्लार सोडल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, एका ठोक्याचे दोन होतात. मुलीला तेव्हा कान द्यायला सांगा. प्रत्येक डब्यावर वेगळा ब्रेकमन असतो, तोही दाखवा.

आता व्यवहाराचं. गाडी मेट्टुपालयमहून सकाळी ७.१० ला सुटते, कुन्नूरला साडेदहाच्या आसपास आणि उटीला दुपारी बाराच्या सुमारास पोचते. ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास. परतीची उटीहून दुपारी २ ला. जाताना चढाचीच घ्या, इंजिनाचं काम चढताना कळतं. दिवसाला वर जाणारी अशी एकच गाडी आणि डबे मोजके, त्यामुळे जागा फार लवकर संपतात. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, प्रवासाचा दिवस मोजायचा नाही. ६ फेब्रुवारीला बसायचं असेल तर ८ डिसेंबरला सकाळी पावणेआठला लॉगिन करून, पाच जणांची नावं आधीच भरून तयार रहा. स्टेशनचा कोड मेट्टुपालयमचा एमटीपी, उटीचा यूएएम, कुन्नूरचा ओएनआर. उटी असं शोधलं तर सापडेलच असं नाही, रेल्वेच्या लेखी ते 'उदगमंडलम' आहे.

सामानाला डब्यात जागा नसते. मोठ्या बॅगा भाड्याच्या गाडीत टाकून ती कुन्नूर स्टेशनला बोलवा. डब्यात स्वच्छतागृह नसतं, निघण्याआधी फलाटावर जाऊन या. वाटेत इंजिनाला पाणी भरायला गाडी थांबते, हिलग्रोव्हला बऱ्यापैकी वेळ मिळतो. तिथे माकडं आहेत, हातात खाऊ उघडा धरू नका.

बाबांना पाच तास बाकावर बसणं जड जाईल असं वाटलं तर कुन्नूरलाच उतरा. दातेरी भाग तिथेच संपतो. पुढचा कुन्नूर-उटी टप्पा डिझेल इंजिनाचा, तासाभराचा, आणि दिवसातून त्याच्या बऱ्याच फेऱ्या असतात. तो दुसऱ्या दिवशी सावकाश करा. वेलिंग्टन, अरवंकाडू, केट्टी, लव्हडेल अशी स्टेशनं लागतात. केट्टीच्या खोऱ्यात गाजर-बटाट्याची पायऱ्या-पायऱ्यांची शेतं डब्यातून छान दिसतात.

---

सेक्टर_१९_वाशी

पोचायचं कसं, तेही सांगून टाकतो. लोकमान्य टिळक टर्मिनस-कोइंबतूर एक्सप्रेस ठाण्याला आणि कल्याणला थांबते, पण दोन रात्री गाडीत जातात. सहा दिवसांत ते परवडत नाही. मुंबई-कोइंबतूर विमान घ्या, जेमतेम दोन तास. नवी मुंबई विमानतळावरून तुमच्या तारखेला सोयीचं उड्डाण मिळतंय का तेही बघा. कळव्याहून ऐरोलीमार्गे तिकडे जाणं पश्चिम उपनगरात अडकण्यापेक्षा बरं.

सकाळची ७.१० ची टॉय ट्रेन गाठायची तर आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच राहा. कोइंबतूरहून ते ३५-४० किलोमीटर आहे. चेन्नईहून येणारी निलगिरी एक्सप्रेस पहाटे कोइंबतूरला येते आणि सव्वासहाच्या सुमारास मेट्टुपालयमला पोचवते, पण ज्येष्ठांना पहाटे चारला उठवण्यापेक्षा तिथला मुक्काम चांगला.

ई-पास: मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून निलगिरी जिल्हा आणि कोडाईकनाल इथे बाहेरच्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. पास गाडीवर असतो: गाडीचा क्रमांक, किती माणसं, किती दिवस, कुठे मुक्काम. तमिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक टाकून मिळतो, फी नाही. निलगिरीत नोंदलेल्या, म्हणजे टीएन ४३ क्रमांकाच्या गाड्यांना आणि सरकारी बस-रेल्वेला लागत नाही. कोइंबतूरची टॅक्सी घेणार असाल तर पास ड्रायव्हरने काढायचा की तुम्ही, हे ठरवतानाच बोलून घ्या आणि त्याचा क्यूआर कोड आदल्या दिवशी मागवून ठेवा. २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी रोजची मर्यादा होती, सोमवार ते शुक्रवार रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी रोज ८,००० गाड्या. फेब्रुवारीत तेवढी अडचण येऊ नये, पण नियम बदलत असतात, निघण्याआधी आठवडाभर पुन्हा बघा.

नाक्यावर प्लास्टिकही तपासतात. पाण्याच्या छोट्या बाटल्यांसकट एकदा वापरायच्या प्लास्टिकवर जिल्ह्यात बंदी आहे. घरूनच स्टीलच्या बाटल्या न्या, गावागावात पाण्याची एटीएम आहेत, तिथे भरता येतात. खाऊही कापडी पिशवीत किंवा डब्यात.

आईंसाठी: टॉय ट्रेनचा वेग दातेरी भागात ताशी १३ किलोमीटरच्या आत असतो, तिच्यात सहसा कोणाला लागत नाही. म्हणजे वर जायचा प्रश्न सुटला. खाली येताना मेट्टुपालयमला उतरायचे दोन रस्ते आहेत. कुन्नूर-बुर्लियारचा घाट १४ मोठ्या वळणांचा, आणि दुसरा कोटागिरीवरून. कोटागिरीचा थोडा लांब, पण वळणं सैल. ड्रायव्हरला तोच घ्यायला सांगा, आईंना पुढच्या सीटवर बसवा, पोट रिकामं ठेवू नका आणि गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा तास आधी.

---

कळवा_ते_कुठेही

मनापासून आभार. दिवाळी रद्द, फेब्रुवारीचा पहिला आठवडा नक्की. आता एवढंच सांगा: बाबांना झेपतील अशी ठिकाणं कोणती, आणि कोणती सोडली तर चालतील? आईला तिथून चहा आणि निलगिरी तेल आणायचंय. घेताना काय बघायचं?

---

पारसिक_टेकडी

दोडाबेट्टा घ्याच. २,६३७ मीटर, निलगिरीतलं सर्वांत उंच शिखर. नावाचा अर्थच 'मोठा डोंगर'. गाडी जवळपास माथ्यापर्यंत जाते, शेवटचं थोडं चालणं. पण सकाळी लवकर. दहा-अकरानंतर खोऱ्यातली हवा तापून वर येते आणि माथ्यावर ढग बसतो, मग पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. दुपारी तिथे जाणारे बहुतेक लोक नाराज होऊन उतरतात.

उटीचं बोटॅनिकल गार्डन १८४८ चं, २२ हेक्टर, दोडाबेट्ट्याच्याच उतारावर. खालची हिरवळ आणि काचघर बाबांना जमेल, तिथेच साधारण २ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचं दगड झालेलं खोड ठेवलंय. वरच्या बाजूला चढू देऊ नका. कुन्नूरचं सिम्स पार्क १८७४ चं, मला ते उटीच्या बागेपेक्षा जास्त आवडतं, कारण शांत आहे आणि झाडं जुनी आहेत. तिथे रुद्राक्षाचं झाड आहे, आई-बाबांना नक्की दाखवा. अडचण एकच: प्रवेशद्वार वर आहे आणि बाग खाली उतरत जाते. उतरताना माणसाला कळत नाही, परतताना गुडघे बोलतात. पहिल्या एक-दोन टप्प्यांवर बसा आणि तिथूनच फिरा.

लॅम्ब्ज रॉक आणि डॉल्फिन्स नोज हे कुन्नूरजवळचे कड्यावरचे दोन पॉइंट एकाच रस्त्यावर आहेत. रस्ता अरुंद, पण दोन्ही बाजूंना चहाचे मळे. डॉल्फिन्स नोजला गाडीपासून कड्यापर्यंत चालणं कमी, म्हणून तेच करा. समोर दरीपलीकडे कॅथरीन धबधबा दिसतो, फेब्रुवारीत त्याची धार बारीक झालेली असते.

उटीचं सेंट स्टीफन्स चर्च पंधरा मिनिटांत होतं. त्याचे लाकडी खांब-तुळया श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाच्या राजवाड्यातून आणलेल्या आहेत, ते बघून मग आत बसा.

उटी लेक सोडलं तरी चालेल. १८२० च्या दशकात कोइंबतूरचा ब्रिटिश कलेक्टर जॉन सलिव्हन याने बांधून घेतलेला हा तलाव, पण आज तिथे गोंगाट फार. बोटीत बसायचंच असेल तर गुडलूर रस्त्यावर २० किलोमीटरवर पायकारा आहे. पाणी स्वच्छ, भोवती जंगल. अवलांचीला वनखात्याच्या गाडीतूनच आत जावं लागतं आणि रस्ता हाडं खिळखिळी करणारा आहे, बाबांना नको.

पहाटेचं हिमकण पडलेलं गवत बघायचं असेल तर उटीजवळच्या तलैकुंदाच्या सखल माळावर जा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते आणि थंड जड हवा सखल भागात साचते, म्हणून हिम टेकडीवर न पडता खालच्या माळावर पडतं. ऊन आलं की अर्ध्या तासात सगळं पाणी. फेब्रुवारीत दिसेलच असं नाही, डिसेंबर-जानेवारीत शक्यता जास्त. कपड्यांचं म्हणाल तर ठाण्यात जाड स्वेटर क्वचितच लागतो, म्हणून कपाटात एकच असतो. मुलीला एकावर एक तीन पातळ थर घाला, कारण सकाळी ७ ला थंडी आणि ११ ला कडक ऊन असतं. बाबांना गुडघ्यांचे गरम पट्टे.

---

सायंकाळचा_चहा

चहाचं मी सांगते, कारण यात आपले लोक हमखास चुकतात. कारखाना बघून झाला की दुकानात सुंदर डब्यातला लांब पानांचा चहा घेतात, घरी आणून दूध-साखर-आलं घालून उकळतात आणि म्हणतात, निलगिरीच्या चहात दम नाही. तो ऑर्थोडॉक्स चहा असतो. त्याची पानं वळलेली असतात, चुरलेली नसतात. कोऱ्या चहासाठी तो: पाणी उकळून गॅस बंद करायचा, कपाला एक चमचा पत्ती, तीन-चार मिनिटं झाकण, गाळून घ्यायचा. नारिंगी रंग आणि फुलासारखा वास येतो. जास्त ठेवला की तुरट होतो.

आपल्या उकळीच्या चहासाठी तिथेच सीटीसी मागा. त्यात पान यंत्राच्या दातेरी रोलरांमधून चिरडून, फाडून, गोळ्या करून काढतात, म्हणून रंग आणि कडकपणा लगेच उतरतो. गोळी एकसारखी, काळसर तपकिरी हवी. चिमूटभर तळहातावर घासून बघा. धूळ खूप सुटली किंवा तांबूस काड्या दिसल्या तर माल हलका. दुकानात पाकिटावरची भरल्याची तारीखही बघा. तमिळनाडू सरकारच्या टॅनटी कंपनीची दुकानं आहेत, तिथे भाव पाकिटावरचाच असतो. श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ कुटुंबांना काम मिळावं म्हणून उभे राहिलेले मळे आहेत ते. मी बाहेर चालणाऱ्या दुकानांपेक्षा तिथूनच घ्या म्हणेन.

तेल: मराठीत आपण त्या झाडालाच निलगिरी म्हणतो, पण झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी या डोंगरांवर लावलं गेलं आणि डोंगराचं नाव आपल्या भाषेत त्याला चिकटलं. रस्त्याकडेच्या टपरीवर स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीत बरेचदा दुसरं तेल मिसळलेलं असतं. वर्तमानपत्राचा किंवा टिपकागदाचा तुकडा घ्या, एक थेंब टाका, उन्हात ठेवा. शुद्ध तेल थोड्या वेळात पूर्ण उडून जातं, डाग राहत नाही. कागद चिकट पारदर्शक राहिला तर मिसळ आहे. मुलीला सर्दी झाली तरी तोंडात किंवा नाकात थेंब टाकू नका, पोटात गेलं तर ते लहान मुलांना घातक आहे.

'होममेड' चॉकलेट घेण्याआधी एक तुकडा जिभेवर ठेवा, चावू नका. कोको बटरचं असेल तर अंगाच्या उष्णतेने लगेच वितळतं. मेणासारखं टाळूला चिकटून राहिलं तर दुसऱ्या वनस्पती तुपाचं. परतताना ते हातातल्या पिशवीत ठेवा, नाहीतर कळव्याला पोचेपर्यंत त्याचा गोळा होतो.

आणि एक गोष्ट आईंसाठी खास: निलगिरीतल्या तोडा आदिवासी बायकांचं भरतकाम. जाड पांढऱ्या सुती कापडावर लाल आणि काळ्या धाग्याने, धागे मोजून, छाप न काढता भरतात. त्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. शाल घेताना उलटी करून बघा. हाताचं काम दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच नीट दिसतं, यंत्राच्या कामात मागे लोंबते धागे आणि चिकटवलेलं अस्तर असतं. हाताच्या शालीला वेळ लागतो, त्यामुळे ती महाग असणारच. तिथे घासाघीस करू नका.

---

मीटरगेज_मनोहर

एक भर घालतो. कुन्नूरहून उटीकडे निघताना गाडी आधी थोडी उलटी जाते आणि मग चढाला लागते, कारण कुन्नूर स्टेशनची रचनाच तशी आहे. गाडी चुकीच्या दिशेला चाललीय असं वाटून नवखे लोक घाबरून दारात येतात, तेव्हा आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. आणि ८ डिसेंबरला जागा मिळाल्या नाहीत तर ७ आणि ८ फेब्रुवारीसाठी अनुक्रमे ९ आणि १० डिसेंबरला पुन्हा बसा. हॉटेल आणि विमान त्यानंतरच पक्कं करा.